अग्निबाणाचे इंधन आणि उत्तनची होडी

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी, मधल्या सुट्टीच्या वेळी, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन विद्यार्थ्यांचा वाद बराच रंगला होता. त्यांपैकी एकाचे वडील भाईंदर स्थानकाबाहेर रिक्षा चालवितात. दुसऱ्याच्या घरी उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारीची होडी आहे. पहिला विद्यार्थी संगणकावरील एका खेळाचे वर्णन मोठ्या आवेशाने करीत होता. "रॉकेटचे इंधन घातले ना, की गाडी नुसती सुटते! कोळशाच्या पंचवीसपट ताकद!" दुसऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मग आमच्या होडीत तेच का नाही घालत? बाबा तर प्रत्येक फेरीला डिझेलचा हिशेब करीत बसतात." पहिल्यास उत्तर सुचेना, तेव्हा दोघेही आमच्याकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा."

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांसही नीटसे उत्तर देता आले नाही. घंटा झाली, हे आमचे सुदैव! परंतु प्रश्न मनात राहिला. आणि तो केवळ मुलांच्या खेळातला नाही, ज्या घरात स्कूटर आहे, रिक्षा आहे अथवा होडी आहे अशा प्रत्येक घराचा तो आहे, असे पुढे दिसून आले. यास्तव विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम त्या खेळाविषयी. त्याचे नाव 'फॅक्टोरिओ'. प्राग शहरातील 'वुबे सॉफ्टवेअर' या मंडळीने तो रचला, आणि कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर २०२० साली तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. एक यंत्रज्ञ परक्या ग्रहावर एकटाच अडकला आहे, आणि त्याने खाणीतील लोखंड, तांबे, कोळसा व खनिज तेल यांपासून एकामागून एक कारखाने उभारीत शेवटी अग्निबाण आकाशात सोडावयाचा, अशी त्याची कल्पना. मुलांनी आग्रह केल्यावरून आम्हीही तीन-चार संध्याकाळी तो खेळून पाहिला. पहिल्याच संध्याकाळी आमच्या कारखान्यातील कोळसा संपून सर्व यंत्रे बंद पडली, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो.

या खेळात प्रत्येक इंधनाच्या अंगी किती शक्ती आहे, हे आकड्यांनी सांगितलेले असते. लाकडाच्या एका नगात २ मेगाज्यूल, कोळशात ४, तेलापासून केलेल्या घन इंधनात १२, आणि रॉकेटच्या इंधनात १००. मोटारीत वा आगगाडीच्या इंजिनात हे शेवटचे इंधन घातले म्हणजे गाडी वेग घेते तीही पुष्कळच जोराने. त्याही पलीकडे युरेनियम मिसळलेले एक इंधन आहे, त्याची शक्ती १,२१० मेगाज्यूल. परंतु तो आकडा एका जुन्या अमेरिकन चित्रपटातील विनोदावरून घेतलेला आहे, शास्त्रावरून नव्हे, म्हणून त्याचा विचार येथे करीत नाही.

आता मेगाज्यूल म्हणजे काय? आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी ज्यूलची व्याख्या पाठ केलेलीच असेल. पण पाठ केलेली गोष्ट हाती लागतेच असे नाही. सुमारे शंभर ग्रॅम वजनाचे एक सफरचंद जमिनीवरून उचलून एक मीटर उंच ठेवावयास जे कार्य लागते, ते सुमारे एक ज्यूल. असे दहा लक्ष ज्यूल म्हणजे एक मेगाज्यूल. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळाले तर त्यातून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता निघते. हिशेब करून पाहा: या सर्व उष्णतेचे कार्यात रूपांतर करता आले असते, तर एक टन वजन सुमारे ३,२६० मीटर उंच चढविता आले असते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे एक टनाचा बोजा एकावर एक ठेवलेल्या दोन कळसूबाईंच्या जवळजवळ माथ्यापर्यंत, एका लिटरमध्ये! प्रत्यक्षात मोटारीचे इंजिन यातील सुमारे पाव भागच चाकांपर्यंत पोहोचविते. उरलेली शक्ती धुराड्यातून व इंजिनाच्या अंगावरून उष्णतेच्या रूपाने हवेत जाते. तरीही केवढी ही शक्ती! आणि ती आपण प्लास्टिकच्या बाटलीत भरून घरी आणतो, ही गोष्ट आम्हांस भयावह वाटते. त्याबद्दल पुढे बोलू.

या मापाने पाहिले तर खेळातील रॉकेटच्या इंधनाचा एक नग म्हणजे तीन लिटरांहून किंचित अधिक पेट्रोल झाले. म्हणजे त्यात अद्भुत असे काही नाही. मग त्याची एवढी प्रतिष्ठा का? याचे उत्तर खेळाच्या जमाखर्चातच आहे, आणि तो जमाखर्च आमच्या मते त्या खेळातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट आहे. रॉकेटच्या इंधनाचा एक नग करण्यास घन इंधनाचे दहा नग व हलक्या तेलाचे दहा भाग लागतात. दहा नगांचे झाले १२० मेगाज्यूल. आणि हलक्या तेलाच्या त्या दहा भागांपासून घन इंधनाचा आणखी एक नग झाला असता, म्हणून त्याचे १२. एकूण घातले १३२, हाती आले १००. शिवाय यंत्र चालविण्यास वीज लागली ती वेगळीच! म्हणजे उच्च प्रतीचे इंधन करताना शक्ती वाढत नाही, उलट जवळजवळ चौथा हिस्सा खर्ची पडतो. मग मिळते काय? थोडक्या जागेत पुष्कळ शक्ती नेण्याची सोय. गूळ केला म्हणून उसातील गोडी वाढत नाही; काहीशी वायाच जाते; परंतु उसाची गाडी नेण्याऐवजी गुळाची ढेप नेता येते. उत्तम इंधनाचेही असेच आहे.

या हिशेबाने पाहता सर्वांत सोयीचे इंधन ते, जे गाडीला बरोबर न्यावेच लागत नाही. आपल्या भाईंदरवरून जाणारी लोकल पाहा. १९३६ साली बोरिवली ते विरार या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. २०१२ साली चर्चगेट ते विरार या मार्गावरील १,५०० व्होल्टचा जुना एकमार्गी प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला. वसईच्या खाडीवरील पूल ओलांडणाऱ्या त्या गाडीत हजारो माणसे असतात, परंतु ती चालविण्यासाठी लागणारे इंधन तोळाभरही नसते. ते कोठे तरी दूर जळते आणि शक्ती तेवढी तारेतून येते. समुद्रावर मात्र तार कोण ताणणार? होडीला आपली शिदोरी बरोबरच घेऊन जावे लागते.

आता उत्तनच्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. खरोखरीच्या अग्निबाणात कोणते इंधन असते? ते एकच नाही. आपल्या देशाच्या पीएसएलव्ही नामक यानाच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन असते: अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, अमोनियम परक्लोरेट नावाचा क्षार, आणि त्यांना धरून ठेवणारे रबरासारखे द्रव्य. हे इंधन ज्या प्रचंड पोलादी नळकांड्यांत भरतात, ती इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे तयार झालेली आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ज्या गावाची वसाहत साखर कारखान्याभोवती वाढली, त्याच गावी अग्निबाणाचे कवच घडावे, हा योग मोठा मौजेचा आहे. पुण्यात पाषाणजवळ संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा तर अशाच उच्च शक्तीच्या द्रव्यांच्या अभ्यासासाठी आहे.

परंतु ऐकून नवल वाटेल की, वजनास वजन तोलून पाहिले तर हे घन इंधन पेट्रोलपेक्षा पुष्कळच दुबळे असते. एक किलो पेट्रोलमधून सुमारे ४३ मेगाज्यूल निघतात. अग्निबाणाच्या या घन द्रव्याच्या एका किलोमधून त्याच्या पाव हिश्श्याइतकेही निघत नाहीत. हे कसे? याचे कारण हवा. पेट्रोल वा डिझेल एकटे जळत नाही. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते, म्हणजे आकाराने बारा हजार लिटरांच्या आसपास. ती हवा इंजिन वातावरणातून फुकट घेते. आपण पंपावर पैसे देतो ते अर्ध्याच सामग्रीचे; उरलेली अर्धी सामग्री निसर्ग पुरवितो, आणि तिचे वजनही गाडीला वाहावे लागत नाही. अग्निबाण मात्र जेथे हवा नाही तेथे जावयाचा. त्यास जळणाबरोबर प्राणवायूही पाठीवर बांधून न्यावा लागतो. त्या क्षारात प्राणवायू कोंडलेला असतो, आणि तोच त्या ओझ्याचा मोठा भाग होय.

तेव्हा उत्तर असे झाले: अग्निबाणाचे ते इंधन होडीत घालणे म्हणजे समुद्रकाठी राहून दुकानातून मीठ-पाणी विकत आणण्यासारखे आहे. होडीच्या भोवती हवाच हवा आहे. शिवाय ते घन इंधन एकदा पेटले म्हणजे विझविता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. जाळे ओढताना इंजिन मंद करावयाचे ठरविले तर तांडेलाने करावे काय?

याच ठिकाणी एक चतुर विद्यार्थी विचारील की, द्रवरूप हायड्रोजनचे काय? तेही अग्निबाणात वापरतात. होय; आणि एका किलोमागे त्यातून १२० मेगाज्यूल निघतात, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. परंतु येथे दुसरे माप आड येते. हायड्रोजन द्रवरूपात ठेवण्यास शून्याखाली २५३ अंशांपर्यंत थंडी लागते, आणि इतका थंड केल्यावरही एका लिटरचे वजन ७१ ग्रॅमच भरते. म्हणून लिटरच्या मापाने त्यात सुमारे साडेआठ मेगाज्यूलच मावतात. पेट्रोलमध्ये ३२, डिझेलमध्ये सुमारे ३६. वजनाने श्रीमंत, जागेने दरिद्री, असे हे इंधन आहे. आपल्या रिक्षांतील सीएनजीचीही तीच गत. वजनाने तो पेट्रोलपेक्षा सरस. परंतु तो वायू आहे, म्हणून हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाने जाड पोलादी नळकांड्यात कोंबावा लागतो, आणि तरीही एका लिटरच्या जागेत ९ मेगाज्यूलच्या आसपासच बसतो. पंपावर रिक्षांची रांग वारंवार का लागते, याचे एक कारण हे. उलट पक्षी तो स्वच्छ जळतो व दरमहा खर्चही कमी येतो, हे रिक्षाचालक पालक आम्हांस सांगतातच.

विजेवर चालणारी होडी का नको, असाही प्रश्न निघाला. समजा, एखाद्या मोठ्या होडीने हजार लिटर डिझेल घेतले. त्यात ३६,००० मेगाज्यूल झाले. इंजिन त्यातील सुमारे पस्तीस टक्के कामी लावील असे धरले, तर १२,६०० उरले. आजच्या लिथियमच्या बॅटरीत, पेटीसकट धरून, एका किलोमागे ०.६ मेगाज्यूल धरू, आणि विजेची मोटार त्यातील नव्वद टक्के कामी लावते असे मानू. भागाकार केला तर तेवीस टनांहून अधिक वजनाची बॅटरी लागेल! हजार लिटर डिझेलचे वजन मात्र एक टनही भरत नाही. खाडीत अल्प अंतर जाणाऱ्या तरीस वीज पुरेल; चार-सहा दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या होडीस आज तरी नाही. आणि डिझेलचा आणखी एक गुण म्हणजे ते पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेटण्याजोगी वाफ सोडते, ती वाफ हवेहून जड असल्याने खाली साचते. आणि होडीच्या पोटात जेथे इंजिन असते, तेथेच खलाशांची चूलही जवळ असते.

असो. होडीची गोष्ट येथवर झाली, आता स्कूटरची. कारण हा वाद सुरू असताना तिसऱ्याच एका मुलाने सांगितले की, आपल्या घरची स्कूटर पूर्वीइतकी धावत नाही असे वडील म्हणतात, आणि दोष नव्या पेट्रोलास देतात. हा आरोप खरा की खोटा?

२०२५ पर्यंत आपल्या देशात सर्वत्र जे पेट्रोल मिळू लागले, त्यात वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. महाराष्ट्रात तो मुख्यत्वे उसापासून होतो. ही कल्पना नवी नव्हे. मोटारीत मद्यार्क वापरण्यासंबंधी आपल्याकडे १९४८ सालीच कायदा झाला होता. इतकेच काय, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जो व्ही-२ नावाचा अग्निबाण १९४४-४५ मध्ये लंडन व अँटवर्प या शहरांवर सोडला, त्याचे इंधन म्हणजे तीन भाग इथेनॉल व एक भाग पाणी, सोबत द्रवरूप प्राणवायू. तेथे तो मद्यार्क बटाट्यांपासून काढीत. म्हणजे आपल्या पहिल्या विद्यार्थ्यास आनंद वाटावा अशी गोष्ट ही की, त्याच्या काकांच्या स्कूटरमध्ये आज एका खऱ्या अग्निबाणाचे इंधन पाचव्या हिश्श्याने आहेच!

परंतु ते पेट्रोलहून बलवान नाही, दुर्बल आहे. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायूचा अंश आधीच असतो, म्हणजे ते जणू थोडे अगोदरच जळलेले असते. म्हणून एका लिटरमध्ये २१ मेगाज्यूलच. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब: पेट्रोलचे चार भाग, इथेनॉलचा एक भाग, सरासरी २९.८. शुद्ध पेट्रोलचे ३२. घट झाली सुमारे सात टक्के. जी गाडी लिटरला ४५ किलोमीटर जात असे, ती, इंजिनात कोणताही फेरफार केला नाही असे धरता, ४२ च्या आसपास जाईल. आणि दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली, जे त्यापूर्वी मिळत असे, तर घट साडेतीन टक्क्यांची. नीती आयोगाने २०२१ च्या आपल्या आराखड्यात जुन्या चारचाकी गाड्यांस सहा-सात टक्के, दुचाकींस तीन-चार टक्के व नव्या मिश्रणाजोग्या केलेल्या गाड्यांस एक-दोन टक्के घट सांगितली होती. तेव्हा वडील म्हणतात ते खोटे नाही. परंतु स्कूटर निम्मीच धावू लागली असेल, तर दोष पेट्रोलचा नसून कार्ब्युरेटरचा, टायरमधील हवेचा अथवा मिरा रोडवरील वाहतुकीचा आहे.

इथेनॉलचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. ते दाब पुष्कळ सहन करते. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१. इथेनॉलचा शंभराच्या वर. ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबून मगच ठिणगी देतात, असे इंजिन या इंधनासाठी मुद्दाम घडविले, तर गमावलेले बरेचसे अंतर परत मिळते. मात्र जुन्या इंजिनास हा लाभ घेता येत नाही, आणि त्याच्या रबरी नळ्याही इथेनॉलने लवकर कुजतात. शिवाय ते पाणी ओढून घेते. आमच्याकडील पावसाळ्यात महिना-दोन महिने झाकून ठेवलेल्या स्कूटरच्या टाकीत पाणी शिरले, तर मद्यार्क व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिन तेच प्रथम ओढते. म्हणून गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास टाकीचे झाकण, त्यातील रबर व भेगा तपासून घ्याव्यात. जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या मेकॅनिककडून एकदा बदलून घ्याव्यात. खर्च फार नाही. गळक्या नळीने लागलेली आग फार महाग पडते.

आणि हा मद्यार्क येतो कोठून, त्याचाही जमाखर्च खेळातल्याप्रमाणेच मांडला पाहिजे. एक टन उसाची साखर करून उरलेल्या अखेरच्या मळीपासून दहा-अकरा लिटर इथेनॉल निघते. साखर न करता सर्व रसच आंबविला तर सुमारे सत्तर लिटर. आसवनीची वाफ बहुधा चिपाडे जाळूनच करतात, हे चांगले. परंतु ऊस पाणी पितो, आणि पाणी सर्वत्र सारखे नाही. २००१ साली पाच टक्के मिश्रणाचा पहिला प्रयोग आपल्या राज्यात मिरज व मनमाड येथे झाला. त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरकरांस पिण्याचे पाणी आगगाडीने पाठवावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडून साखरेची चिंता उत्पन्न झाली, तेव्हा केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातला. तो पुढील वर्षी उठविला. परदेशी तेलावरील खर्च वाचतो व शेतकऱ्यास पैसा लवकर मिळतो, हे जमेच्या बाजूस आहेच. आम्हांस एवढेच वाटते की, या वहीत पाण्याचाही रकाना असावा. त्या खेळात कारखान्याचा धूर वाढला की परग्रहावरील कीटक चाल करून येतात. आपल्याकडे विहिरी मुकाट्याने आटतात.

बाटलीची गोष्ट राहिली. आमच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी खेळ पाहून 'घन इंधन' घरी करण्याचा बेत आखला होता, व त्यासाठी एका शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल आणूनही ठेवले होते, असे आमच्या कानी आले. बाटली आता रिकामी करविली आहे. पेट्रोलची वाफ दिसत नाही, ती जमिनीलगत पसरते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकास असलेल्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. घरात असे काही आढळल्यास पालकांनी रागावण्यापूर्वी प्रथम खिडक्या उघडाव्यात, व विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये.

उत्तनच्या विद्यार्थ्याने हा सर्व हिशेब आपल्या वहीत उतरवून नेला. पावसाळी बंदी उठल्यावर होडीच्या पहिल्या फेरीत किती लिटर डिझेल गेले, किती तास इंजिन चालले व किती मासळी आली, याचे टिपण तो ठेवणार आहे. त्याच्या वडिलांनी, म्हणे, आणखी एक रकाना घालावयास सांगितले: बर्फाचा.